जलाधारित रोधक लेप आणि कागदी वेष्टनाचे पुनर्चक्रण : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाराष्ट्रात २०१८ साली लागू झालेल्या प्लास्टिकबंदीनंतर खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी कागदाचा वापर वाढला. तथापि बाजारात मिळणारे बहुतेक कागदी पेले व डबे आतून पॉलिथिलीनचा पातळ थर दिलेले असतात. या थरास पर्याय म्हणून जलाधारित रोधक लेप पुढे येत आहेत व त्यांची ओळख ‘प्लास्टिकमुक्त’ अशी करून दिली जात आहे. प्रस्तुत लेखात अशा लेपांचे कार्य, त्यांची मोजणी, लगदा करताना होणारे त्यांचे वर्तन आणि त्यांच्याविषयीची कायदेशीर संदिग्धता यांचे विवेचन केले आहे. लेपाची योग्यता विक्रेत्याच्या लेबलावरून न ठरवता कचरा-वर्गीकरण आणि लगद्याची टाकी या दोन ठिकाणी ठरवली पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : रोधक लेप, इमल्शन, पॉलिथिलीन, लगदा, पुनर्चक्रण, कचरा-वर्गीकरण.

प्रस्तावना

डोंबिवली आणि कल्याण ही प्रामुख्याने नोकरदारांची शहरे आहेत. पहाटे लोकल गाठणारा आणि रात्री उशिरा परतणारा प्रवासी, स्थानकाबाहेरील वडापावच्या गाड्या, चहाच्या टपऱ्या आणि गल्लोगल्ली आढळणारी पोळी-भाजी केंद्रे ही या परिसराची ओळख होय. या साऱ्या व्यवहारात अन्न बांधून देण्याचे साधन अत्यावश्यक असते. पूर्वी पळसाच्या पत्रावळी व द्रोण, केळीची पाने आणि वर्तमानपत्राचा पुडा यांवर हे काम भागत असे. पुढे प्लास्टिकच्या पिशव्या व थर्मोकोलच्या ताटल्या आल्या. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्मोकोल वस्तूंच्या उत्पादन, वापर, विक्री, वाहतूक व साठवणुकीविषयी अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर जून २०१८ मध्ये तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार आणि तिसऱ्या गुन्ह्यास पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास, अशी शिक्षेची तरतूद असल्याने लहान व्यावसायिक साहजिकच कागदाकडे वळला.

त्याच सुमारास दुसरीकडून वर्तमानपत्राचा मार्गही बंद झाला. अन्न सुरक्षा व मानके (पॅकेजिंग) विनियम, २०१८ अन्वये खाद्यपदार्थ गुंडाळण्यास अथवा ठेवण्यास वर्तमानपत्राचा वापर निषिद्ध ठरला. त्यामुळे प्लास्टिक नको आणि वर्तमानपत्रही नको, अशा स्थितीत ‘कागदी’ म्हणून विकला जाणारा पेला व डबा हाच सुरक्षित पर्याय वाटू लागला. परंतु हा कागद खरोखर केवळ कागद असतो काय, आणि वापरानंतर तो पुन्हा कागद होऊ शकतो काय, हे दोन प्रश्न सहसा विचारले गेले नाहीत. सदर लेखाचा विषय हे दोन प्रश्न आहेत.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. ‘पुनर्वापर’ म्हणजे तीच वस्तू पुन्हा वापरणे. वापरलेल्या वस्तूचे मूळ द्रव्य सोडवून त्यापासून नवी वस्तू घडविणे म्हणजे ‘पुनर्चक्रण’. स्टीलचा पेला धुऊन पुन्हा वापरणे हा पुनर्वापर होय, तर कागदी पेल्याचा लगदा करून पुठ्ठा बनविणे हे पुनर्चक्रण होय. कागदी वेष्टनाच्या बाबतीत विचार करावयाचा तो पुनर्चक्रणाचा.

कागदाला लेपाची गरज का भासते?

कागद हा सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे आहे. हे तंतू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. पाण्याचे रेणू या बंधांमध्ये शिरतात आणि तंतू सुटे होतात. कागद पाण्यात विरघळल्यासारखा भासतो तो यामुळेच. कागदाचे पुनर्चक्रण ज्या गुणामुळे शक्य होते तो हाच, आणि चहाचा पेला म्हणून साधा कागद निरुपयोगी ठरतो तोही याच गुणामुळे. म्हणजे रोधक लेपाकडून आपण दोन विरुद्ध गोष्टींची अपेक्षा करतो. वापर चालू असताना पाणी तंतूंपर्यंत पोहोचू नये, आणि वापर संपल्यावर मात्र ते सहज पोहोचावे. लेपनशास्त्रातील साऱ्या अडचणी या एका विरोधातून उद्भवतात.

पाण्याखेरीज आणखी तीन गोष्टी अडवाव्या लागतात. तेल, बाष्प आणि काही पदार्थांच्या बाबतीत प्राणवायू. वडापावच्या कागदाला तेल अडवावे लागते, चहाच्या पेल्याला गरम पाणी, फरसाणाच्या पुड्याला हवेतील बाष्प. कोणताही एक लेप या चारही गोष्टी सारख्याच कार्यक्षमतेने अडवीत नाही. म्हणून ‘चांगला लेप कोणता?’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या पदार्थासाठी?’ हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

पॉलिथिलीनचा थर

प्रचलित पद्धतीत पॉलिथिलीन वितळवून त्याचा पातळ पडदा थेट कागदावर ओढला जातो व दाबून चिकटविला जातो. एक उदाहरण घेऊ. दर चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या जाड कागदावर दर चौरस मीटरला १५ ग्रॅम पॉलिथिलीन चढविले, तर एकूण वजनात त्याचा वाटा सुमारे ५.७ टक्के होतो. म्हणजे अशा एक टन कागदात साधारण ५७ किलो पॉलिथिलीन असते. त्याची घनता ०.९२ धरल्यास या थराची जाडी सुमारे १६ मायक्रॉन येते. केंद्र शासनाच्या नियमांनुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून प्लास्टिकच्या पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन असावी लागते. पातळ पिशवी गोळा होत नाही, म्हणून ती नको, असा त्या नियमामागील विचार होता. त्याहून कितीतरी पातळ पडदा मात्र कागदाच्या आड घराघरांत पोहोचत राहिला.

हा थर निर्धोक आहे, असेही म्हणता येत नाही. खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ८५ ते ९० अंश सेल्सिअस तापमानाचे १०० मिलिलीटर पाणी कागदी पेल्यात १५ मिनिटे राहिल्यास त्यात मायक्रॉन आकाराचे सुमारे २५,००० प्लास्टिक कण उतरतात, असे आढळले. स्थानकावरच्या कटिंग चहाला पंधरा मिनिटे लागत नाहीत हे खरे. परंतु कार्यालयातील मेजावर राहिलेल्या चहाला तेवढा वेळ सहज लागतो.

जलाधारित लेपाचे कार्य

जलाधारित लेप म्हणजे पाण्यात बहुवारिकाचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले पांढरे, दुधासारखे द्रावण. सुतारकामातील फेव्हिकॉल आणि घराच्या भिंतींचा इमल्शन रंग ही याच जातीची परिचित उदाहरणे होत. फेव्हिकॉल लावताना पांढरा असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. या साध्या निरीक्षणात लेपाचे सारे शास्त्र सामावलेले आहे. सुट्या कणांवरून प्रकाश विखुरतो म्हणून द्रावण पांढरे दिसते. पाणी उडून गेले की कण एकमेकांस भिडतात, दबून त्यांच्यामधील पोकळ्या भरतात आणि शेवटी एका कणातील साखळ्या शेजारच्या कणात शिरून एकसंध पटल तयार होते. पोकळ्या नाहीशा झाल्या म्हणजे प्रकाश विखुरणे थांबते आणि पटल पारदर्शक होते.

कागदाच्या लेपासाठी सामान्यतः स्टायरीन-ॲक्रिलिक अथवा स्टायरीन-ब्युटाडाईन या बहुवारिकांचा उपयोग होतो. कणांचा आकार साधारणतः १०० ते २०० नॅनोमीटरच्या आसपास असतो. अशा लेपाचे कोरडे वजन बहुधा दर चौरस मीटरला ५ ते १५ ग्रॅम ठेवले जाते. एकाच जाड थरापेक्षा दोन पातळ थर देणे अधिक हितावह ठरते. कारण पहिल्या थरात राहून गेलेली सूक्ष्म छिद्रे दुसरा थर बुजवितो. एकाच छिद्रातून पेला गळू शकतो, म्हणून या गोष्टीस विशेष महत्त्व आहे.

केवळ बहुवारिकाचा पातळ थर बाष्प पुरेसे अडवीत नाही. यासाठी त्यात संगजिरे अथवा केओलिन या खनिजांची चपटी चूर्णे मिसळतात. हे चपटे कण थरामध्ये एकावर एक, आडवे पसरतात. बाष्पाच्या रेणूस सरळ पार जाता येत नाही. गर्दीच्या पादचारी पुलावरून वाट काढणाऱ्या प्रवाशाप्रमाणे त्याला वळसे घ्यावे लागतात. एल. ई. नील्सन यांनी १९६७ साली या कल्पनेस गणिती रूप दिले. त्यांच्या सूत्रानुसार, कणाची लांबी त्याच्या जाडीच्या ४० पट असेल आणि थराच्या आकारमानात खनिजाचा वाटा २० टक्के असेल, तर पार जाणाऱ्या बाष्पाचे प्रमाण मूळ प्रमाणाच्या ०.१६ पट, म्हणजे सुमारे एक षष्ठांश इतके उरते. अर्थात हे गणित कण अचूक आडवे पसरले आहेत असे गृहीत धरते. प्रत्यक्षात ते तसे पसरत नाहीत आणि खनिज अधिक झाल्यास थर ठिसूळ होऊन घडीच्या जागी तडकतो. डब्याच्या कोपऱ्यातून तेल झिरपते त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

नैसर्गिक द्रव्यांचाही विचार होत आहे. कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान, स्टार्च आणि मेणाची इमल्शने ही त्याची उदाहरणे. यांपैकी अनेक द्रव्ये कोरड्या हवेत तेल व प्राणवायू उत्तम अडवितात. परंतु आर्द्रता वाढली की ती फुगतात आणि त्यांचा रोधक गुण घटतो. कोकणपट्टीतील चार महिन्यांचा पावसाळा लक्षात घेता, युरोपातील प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेला लेप येथे जसाच्या तसा स्वीकारणे योग्य होणार नाही.

गुणांची मोजणी आणि परस्परविरोधी अपेक्षा

लेपाविषयीचे दावे तपासण्यासाठी काही प्रमाणित चाचण्या आहेत. कॉब चाचणीत १०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर ठरावीक वेळ पाणी ठेवून कागदाने किती पाणी शोषले, हे वजनातील फरकावरून काढतात. ग्रॅममधील फरकास १०० ने गुणले की दर चौरस मीटरचे मूल्य मिळते. तेलासाठी ‘किट’ चाचणी असते. तीत एरंडेल, टोल्युईन व हेप्टेन यांच्या वेगवेगळ्या प्रमाणातील बारा मिश्रणांचे थेंब १५ सेकंद ठेवून डाग पडतो काय हे पाहतात आणि १ ते १२ असा क्रमांक देतात. बाष्पासाठी ३८ अंश सेल्सिअस व ९० टक्के सापेक्ष आर्द्रता अशा उष्णकटिबंधीय स्थितीत, एका दिवसात दर चौरस मीटरमधून किती ग्रॅम बाष्प गेले, हे मोजतात.

या आकड्यांचे वाचन सावधपणे केले पाहिजे. किट चाचणीतील थेंब पंधरा सेकंद टिकतो. कढईतून काढलेला वडा मात्र कागदात अर्धा तास असतो आणि त्याचे तेल गरम असते. चाचणीचा क्रमांक उत्तम असूनही प्रत्यक्षात कागद तेलकट होऊ शकतो, तो यामुळे. अशा ठिकाणी पदार्थ प्रत्यक्ष ठेवून, प्रत्यक्ष वेळ मोजून केलेली चाचणीच अधिक विश्वासार्ह होय. तेलरोधासाठी पूर्वी फ्लोरिनयुक्त रसायने सर्रास वापरली जात. ती निसर्गात विघटित होत नाहीत व शरीरात साठतात. अशी तेलरोधक द्रव्ये खाद्यवेष्टनासाठी आता विकली जात नाहीत, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले, आणि युरोपीय संघाच्या वेष्टनविषयक नियमानुसार १२ ऑगस्ट २०२६ ही त्यांच्यावरील मर्यादा लागू होण्याची तारीख आहे. ‘जलाधारित’ या शब्दात फ्लोरिनमुक्तता अंतर्भूत नाही, हे खरेदीदाराने ध्यानात ठेवावे.

दुसरी अडचण उष्णतेची आहे. पेल्याचा सांधा गोंदाने नव्हे, तर लेपच तापवून जोडतात. म्हणजे लेप उष्णतेने मऊ व्हावयास हवा. परंतु तोच लेप गरम चहाने मऊ होता कामा नये, आणि भिवंडीच्या पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात रचून ठेवलेले कागदाचे रीळ एकमेकांस चिकटताही कामा नये. मऊ बहुवारिक निवडल्यास सांधा चांगला बसतो पण रीळ चिकटते. कठीण निवडल्यास रीळ सुटे राहते, पण सांधा उघडतो व घडीवर तडा जातो. लेप बनविणाऱ्याचे कौशल्य या दोहोंमधील अरुंद पट्टा साधण्यात असते.

तिसरी बाब ऊर्जेची. लेपात निम्मे पाणी धरल्यास, दर चौरस मीटरला १० ग्रॅम कोरडा थर देण्यासाठी १० ग्रॅम पाणी उडवावे लागते. २५० ग्रॅम वजनाच्या एक टन कागदाचे क्षेत्रफळ ४,००० चौरस मीटर. म्हणजे ४० किलो पाणी. केवळ बाष्पीभवनाची उष्णता धरली तरी ती सुमारे २५ युनिट विजेइतकी होते आणि प्रत्यक्ष यंत्रात ती याहून अधिक लागते. जलाधारित म्हणजे विनाखर्चिक, असे समजण्याचे कारण नाही.

लगद्याच्या टाकीत काय घडते?

जुन्या कागदाचे गठ्ठे गिरणीत पाण्याच्या मोठ्या टाकीत घुसळले जातात. तंतू सुटतात आणि लगदा चाळण्यांमधून पुढे जातो. पॉलिथिलीनचा थर असलेल्या कागदात पाणी एकाच बाजूने शिरते, त्यामुळे लगदा होण्यास वेळ लागतो. पॉलिथिलीन मात्र फाटून मोठ्या पापुद्र्यांच्या रूपात राहते व चाळणीवर अडते. त्याच्यासोबत त्यास चिकटलेले तंतूही बाहेर फेकले जातात. विशेष यंत्रणा असलेली गिरणी हे पापुद्रे वेगळे करू शकते. साधी गिरणी असा माल घेण्याचेच टाळते.

जलाधारित लेपाचे वर्तन याहून वेगळे असते. थर पातळ व खनिजयुक्त असल्याने तो बारीक तुकड्यांत फुटतो, तंतू लवकर सुटतात आणि चाळणीवरील अवशेष कमी होतो. तंतूंची प्राप्ती वाढते, हा त्याचा खरा लाभ होय. परंतु फुटलेले हे तुकडे नाहीसे होत नाहीत. काही नव्या कागदात खनिजासह सामावले जातात. काही गिरणीच्या फिरत्या पाण्यात राहतात. आणि लेप मऊ असल्यास काही चिकट कण बनून यंत्राच्या जाळीवर व रुळांवर बसतात, कागदास भोके पाडतात. थोडक्यात, पॉलिथिलीन अडते म्हणून त्रास देते, तर अयोग्य रीतीने रचलेला जलाधारित लेप अडत नाही म्हणून त्रास देऊ शकतो. त्यामुळे ‘लगदा होतो’ एवढे पुरेसे नाही. चाळणीवर किती उरले, पाण्यात किती गेले आणि त्या लगद्याचा कागद कसा झाला, या तिन्ही गोष्टी तपासल्यावाचून पुनर्चक्रणक्षमतेचा दावा पूर्ण होत नाही.

कायद्याच्या व्याख्येतील संदिग्धता

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२२ मध्ये अधिसूचनेत दुरुस्ती करून, प्लास्टिकचे लेपन अथवा प्लास्टिकचा थर असलेल्या ताटल्या, पेले, वाट्या, डबे इत्यादी एकदाच वापरावयाच्या वस्तूंवरही बंदी घातली. २०२२ च्या अखेरीस विघटनशील द्रव्याच्या प्रमाणित वस्तूंना सवलत देण्यात आली. तमिळनाडूतील कागदी पेल्यांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजीच्या निर्णयाने कायम ठेवली. म्हणजे केवळ ‘कागदी’ असणे आता कायद्यासमोर पुरेसे राहिलेले नाही.

मग जलाधारित लेप हे ‘प्लास्टिकचे लेपन’ आहे काय? प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये, ज्या द्रव्यात उच्च बहुवारिक हा आवश्यक घटक आहे ते प्लास्टिक, अशी व्याख्या असून पॉलिथिलीन, व्हायनिल, पॉलिस्टायरीन आदींची नावे उदाहरणादाखल दिली आहेत. स्टायरीन-ॲक्रिलिक हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने उच्च बहुवारिकच आहे. दुसरीकडे, लेपातील बहुवारिक हा संपूर्ण वस्तूचा ‘आवश्यक घटक’ मानावा काय, असा प्रतिवाद करता येतो. केंद्र शासनाच्या १६ फेब्रुवारी २०२२ च्या उत्पादक-जबाबदारी मार्गदर्शक तत्त्वांत, किमान एक थर प्लास्टिकचा व किमान एक थर अन्य द्रव्याचा असलेल्या वेष्टनाचा स्वतंत्र वर्ग केला आहे. पॉलिथिलीनयुक्त कागद या वर्णनात सरळ बसतो. वाळलेल्या इमल्शनचे पटल बसते की नाही, हा प्रश्न उरतोच.

विज्ञानाच्या अध्यापकास येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगता येते. स्टायरीन-ॲक्रिलिकच्या लेपास ‘प्लास्टिकमुक्त’ म्हणणे रसायनशास्त्रास धरून नाही. ‘पॉलिथिलीनमुक्त’ किंवा ‘कमी बहुवारिकाचा, लगदा होण्याजोगा’ हे वर्णन प्रामाणिक ठरेल. शब्दांचा हा भेद क्षुल्लक नाही. ‘प्लास्टिकमुक्त’ या छापील शब्दावर विसंबून माल घेतलेल्या पोळी-भाजी केंद्राच्या चालिकेस महापालिकेच्या पथकापुढे उभे राहावे लागते, तेव्हा पुठ्ठ्यावरचा लेप कोणता आहे, हे ना तिला दाखविता येते, ना पथकास डोळ्यांनी ओळखता येते. व्याख्येतील संदिग्धतेचा भुर्दंड साखळीतील सर्वांत लहान घटकावर पडतो.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील कचऱ्याची साखळी

या परिसरास कचऱ्याच्या प्रश्नाचा अनुभव जवळून आहे. घनकचरा व्यवस्थापनातील त्रुटींमुळे २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्रात नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली होती. ती पुढील वर्षी उठली. आधारवाडी क्षेपणभूमीवरील आगी आणि धूर कल्याणकरांनी वर्षानुवर्षे सोसला. २०२० साली महापालिकेने शून्य कचरा मोहीम हाती घेऊन ओला व सुका कचरा वेगळा देण्याचा आग्रह धरला आणि २०२१ साली आधारवाडी येथे कचरा टाकणे बंद झाले. ठाणे महापालिकेची दिवा येथील क्षेपणभूमीही २०२३ साली बंद करण्यात आली. कचरा टाकण्याची जुनी जागा उरलेली नाही. म्हणून वेष्टनाचा प्रत्येक प्रकार कोठे जाणार, हा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही.

कागदी पेल्याचा प्रवास पाहू. चहा पिऊन झाल्यावर पेला टपरीच्या डब्यात पडतो. त्या डब्यात चहाचा चोथा, केळ्याची साल, वडापावचा कागद सारे एकत्र असते. भिजलेला, माखलेला पेला कचरावेचक महिला उचलत नाही. कारण भंगाराच्या दुकानात भाव मिळतो तो वजनावर आणि जातीवर. पुठ्ठा, वर्तमानपत्राची रद्दी, वह्यापुस्तके या ओळखीच्या जाती आहेत. हलका, ओला, आतून चकचकीत असा पेला कोणत्याच जातीत बसत नाही. या परिसरातून निघणारा पुठ्ठा व रद्दी वापीसारख्या कागद गिरण्यांच्या केंद्रांकडे जाते; तेथेही गठ्ठ्यात चकचकीत कागद दिसला की संपूर्ण गठ्ठ्याविषयी शंका घेतली जाते.

आता त्या पेल्यास पॉलिथिलीनऐवजी उत्तम जलाधारित लेप आहे, असे समजू. साखळीत काय बदलले? कचरावेचक महिलेस तो तसाच दिसतो. भंगारवाल्यास तो तसाच दिसतो. गिरणीच्या प्रतवारी करणाऱ्यासही तो तसाच दिसतो. लेपात झालेली सुधारणा लगद्याच्या टाकीपर्यंत पोहोचतच नाही. याचा अर्थ लेप निरर्थक आहे असा नव्हे. लेपासोबत त्याची ओळख आणि त्याचे स्वतंत्र संकलन आले नाही, तर त्याचा लाभ पुठ्ठ्यावरील मजकुरापुरताच राहतो, असा आहे. ज्या ठिकाणी एकाच प्रकारचे वेष्टन एकाच जागी वापरले व टाकले जाते, तेथे मात्र हा लाभ प्रत्यक्षात येऊ शकतो. कार्यालये, सभागृहे, गणेशोत्सव मंडळांचे प्रसाद-वाटप आणि महाविद्यालये ही अशी ठिकाणे होत.

महाविद्यालयांना काय करता येईल?

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, फारसा खर्च न करता, तीन चाचण्या घेता येतील. त्या प्रमाणित चाचण्यांची जागा घेणार नाहीत; परंतु विद्यार्थ्यांच्या प्रकल्पास आणि उपाहारगृहाच्या खरेदीस त्या निश्चित दिशा देतील.

पहिली, ओळखीची चाचणी. पेल्याचा तुकडा कोमट पाण्यात तासभर भिजवून बाहेरचा कागद बोटाने चोळून काढावा. पॉलिथिलीन असल्यास सलग, पारदर्शक पापुद्रा हाती येतो. त्याचा बारीक तुकडा साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून, बुडबुडे झटकून सोडावा. पॉलिथिलीन पाण्याहून हलके असल्याने तो वर येतो. तुकडा बुडाला म्हणजे लेप जलाधारितच आहे असे मात्र सिद्ध होत नाही. कारण पॉलिलॅक्टिक आम्लाचा थरही पाण्याहून जड असतो व बुडतो. लेप पापुद्र्याच्या रूपाने न निघता कागदासोबत भुगा होऊन सुटला, तर तो इमल्शनचा असण्याची शक्यता अधिक.

दुसरी, पाण्याची व तेलाची चाचणी. कॉब चाचणीसाठी ठरावीक आकाराचे कडे, घड्याळ, टीपकागद आणि अचूक तराजू पुरतो. तेलासाठी प्रत्यक्ष गरम वडा ठेवून खालच्या पांढऱ्या कागदावर डाग किती मिनिटांनी उमटतो, हे नोंदवावे. नोंदी पावसाळ्यात व हिवाळ्यात अशा दोन वेळा घेतल्यास आर्द्रतेचा परिणाम विद्यार्थ्यांच्या आपोआप लक्षात येईल.

तिसरी, लगद्याची चाचणी. सुमारे ३० ग्रॅम तुकडे एक लीटर कोमट पाण्यात भिजवून मिक्सरमध्ये टप्प्याटप्प्याने, ठरावीक वेळ फिरवावेत. लगदा चाळणीतून गाळून चाळणीवरील अवशेष वाळवून त्याचे वजन करावे. गाळलेल्या लगद्याचा पातळ ताव जाळीवर धरून टीपकागदात दाबावा व वाळल्यावर उजेडासमोर पाहावा. चकचकीत ठिपके व चिकट डाग मोजावेत. लेप नसलेल्या त्याच वजनाच्या कागदाशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. मिक्सरची पाती थर कापतात. गिरणीतील घुसळण वेगळी असते, हा फरकही अहवालात नमूद करावा. अधिकृत प्रमाणनासाठी मुंबईत मुख्यालय असलेली भारतीय पॅकेजिंग संस्था किंवा सहारनपूरची केंद्रीय लगदा व कागद संशोधन संस्था यांच्याकडे जावे लागेल.

खरेदी करताना उपाहारगृहाने पुरवठादारास चार प्रश्न लेखी विचारावेत. लेपातील बहुवारिक कोणते? फ्लोरिनयुक्त द्रव्य आहे काय? अन्नात उतरणारे प्रमाण विहित मर्यादेत असल्याचा अहवाल आहे काय? लगद्याची चाचणी कोठे व कोणत्या पद्धतीने झाली? ज्या पुरवठादारास ही उत्तरे देता येत नाहीत, त्याच्या पुठ्ठ्यावरील हिरव्या पानाच्या चित्रास महत्त्व देण्याचे कारण नाही. त्याचबरोबर वापरलेल्या पेल्यांसाठी स्वतंत्र डबा ठेवावा आणि उरलेला चहा ओतण्यासाठी शेजारी वेगळे भांडे असावे. या एका भांड्याने पेला कोरडा राहतो व भंगारात स्वीकारला जाण्याची शक्यता वाढते.

समारोप

जलाधारित रोधक लेप हा प्लास्टिकचा अंत नव्हे. बहुवारिकाचे प्रमाण कमी करून ते लगद्यास अनुकूल रूपात देण्याचा तो प्रयत्न आहे. योग्य रीतीने रचल्यास तो तंतू वाचवितो. परंतु हे सामर्थ्य तीन अटींवर अवलंबून आहे. लेपातील द्रव्याची खरी माहिती वस्तूवर असावी, वापरलेला कागद कोरडा व वेगळा गोळा व्हावा, आणि लगद्याच्या चाचणीत तंतू, पाणी व तयार कागद या तिन्हींचा हिशेब मांडला जावा. शासनाने व्याख्या स्पष्ट करणे, महापालिकांनी अशा वेष्टनास सुक्या कचऱ्यात स्वतंत्र स्थान देणे आणि उत्पादकांनी लेपाची ओळख डोळ्यांना पटेल अशा खुणेने देणे, ही त्यापुढील पावले होत.

जेथे बसून खाणे-पिणे होते तेथे या साऱ्या विवेचनाची गरजच पडत नाही. तेथे स्टीलचा पेला व धुण्याची सोय हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी कचऱ्याचा मार्ग आहे. लेप लावलेला कागद बांधून नेण्याच्या अन्नापुरता ठेवावा आणि तेथे तो पारखून घ्यावा. ही पारख शिकविण्याचे साधन प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आजही उपलब्ध आहे.